घरी बीअर बनवणारा नेमकं काय करतो?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, विषय छापताना काही गडबड तर झाली नाही ना?" नाही झाली. आज आपण घरी बीअर बनवण्याच्या छंदाबद्दलच बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या विषयात नाक खुपसायला एक फार जुनं कारण आहे, आणि ते आपल्याच परंपरेतलं आहे. चार्वाकांचं. तिथे आपण येऊच.

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. पहिली, कोणी प्यावं किंवा पिऊ नये हे सांगायला मी बसलेलो नाही. दुसरी, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा गुन्हा आहे. हा छंद रीतसर रुजला तो ब्रिटन, अमेरिका अशा देशांत, म्हणून उदाहरणंही मी तिकडचीच घेणार. आपल्याकडचा प्रश्न निराळा आहे, त्याच्याकडे शेवटी वळू.

माझा प्रश्न साधा आहे. दुकानात शंभर प्रकारची बीअर तयार मिळते. तरी एखादा माणूस अख्खा रविवार खर्चून ती घरी बनवतो आणि अभिमानाने म्हणतो, "ही मी बनवली." या वाक्यातल्या 'मी'चा आणि 'बनवली'चा अर्थ काय?

रविवारचं काम

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये असतो. त्याला हा नाद आहे. त्याच्याकडून मी सगळी कृती नीट समजून घेतली. वाचलेल्याशी ताडून पाहिली. ती थोडक्यात अशी.

सुरुवात माल्टपासून. माल्ट हा शब्द परका वाटतो, पण वस्तू परकी नाही. मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व आपल्याकडे लहान बाळाला देतात ना? धान्य भिजवायचं, मोड आणायचे, सुकवायचं, दळायचं. तेच जवाचं केलं, म्हणजे सातूचं, की माल्ट झालं. मोड कशाला आणायचे? कारण दाण्यातला स्टार्च ही अंकुराची शिदोरी असते, आणि ती बांधून ठेवलेली असते. अंकुर फुटायच्या वेळी दाणा स्वतःच काही एन्झाइम तयार करतो, जे त्या स्टार्चची साखर करतात. बीअर बनवणारा बरोबर त्याच वेळी मध्ये पडतो. मोड आले की दाणा सुकवतो. शिदोरी उघडायची किल्ली तयार झालेली असते, पण शिदोरी अजून खाल्लेली नसते.

वीस लिटर बीअरसाठी साधारण साडेचार-पाच किलो माल्ट लागतं. ते भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं. या तासात स्टार्चची साखर होते. तापमान दोन-तीन अंश खाली ठेवलं तर बीअर हलकी, कोरडी होते; वर ठेवलं तर जड आणि गोडसर. फार वर नेलं तर एन्झाइमच मरतात आणि काम थांबतं. मग गाळून घ्यायचं. हा जो गोड काढा मिळतो त्याला वर्ट म्हणतात. तो तासभर उकळायचा आणि त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. सुरुवातीला घातली तर कडवटपणा येतो, शेवटी घातली तर वास राहतो. मग काढा लवकर निववायचा, वीस अंशांच्या आसपास आणायचा, स्वच्छ बादलीत ओतायचा, यीस्ट टाकायचं आणि झाकण लावायचं. झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी असते. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

या सगळ्याला पाच-सहा तास लागतात, आणि त्यातला मोठा वेळ भांडी घासण्यात आणि जंतुनाशकाने धुण्यात जातो. माझा विद्यार्थी म्हणतो, "सर, हा छंद स्वयंपाकाचा कमी आणि मोरीवरचा जास्त आहे."

आता इथे थांबा. झाकण लागलं. माणूस दमून जिन्याने वर गेला. या क्षणी बादलीत काय आहे? बीअर नाही. गोड-कडू काढा आहे. त्यात अल्कोहोलचा थेंब नाही. बीअर होईल ती पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत, तो कचेरीत असताना, झोपलेला असताना. दुसऱ्या दिवशी नळीतून बुडबुडे येऊ लागतात. त्याला फक्त ते ऐकायला मिळतं.

तो मोजू मात्र शकतो. दूध पारखायचा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल. तसाच हायड्रोमीटर काढ्यात तरंगवायचा. सुरुवातीला घनता १.०५० आली आणि शेवटी १.०१२ वर स्थिरावली, तर साखर गेली आणि जवळजवळ पाच टक्के अल्कोहोल आलं, असा हिशोब निघतो. मग बाटल्या भरताना लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साखर घालायची. बाटलीत उरलेलं यीस्ट ती खातं आणि फेस तयार होतो. आणखी दोन आठवडे थांबायचं.

कुंभार आणि विरजण

आता आपल्या प्रश्नाकडे. भारतीय दर्शनांत 'कार्य' म्हटलं की पहिलं उदाहरण कोणतं येतं? घट. माती हे उपादान, कुंभार हे निमित्त, चाक-दांडा ही साधनं. वर्षानुवर्षं आम्ही वर्गात हेच शिकवलं. हे उदाहरण सोयीचं आहे, कारण त्यात कर्ता डोळ्यांसमोर बसलेला असतो. मातीला स्वतःचं म्हणणं नसतं. मडक्याचा आकार आधी कुंभाराच्या मनात असतो आणि मग मातीत उतरतो. कुंभार उठून गेला तर मडकं थांबतं.

बीअरचं नेमकं उलटं आहे. माणूस उठून गेला तरच काम होतं. तो सारखं झाकण उघडून बघत बसला तर नासण्याची भीती.

हे आपल्याला नवीन नाही. मडक्याबरोबरच दर्शनग्रंथांत दूध-दह्याचंही उदाहरण येतं. दही दुधात आधीपासून असतं की नव्याने उत्पन्न होतं, यावर सांख्य आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. पण 'करणे' या क्रियापदाचा अर्थ आपण घेतला तो कुंभाराकडून. दह्याकडून घेतला नाही. आणि गंमत बघा, आपली भाषा मात्र शहाणी आहे. आई "मी दही केलं" असं क्वचितच म्हणते. ती म्हणते, "दही लावलं", "दही लागलं." लावणं माझं, लागणं त्याचं. बीअर बनवणाऱ्याला हवं असलेलं क्रियापद आपल्या स्वयंपाकघरात पडून आहे.

नॉर्वेच्या पश्चिम भागात, वॉसच्या परिसरात, शेतकरी पिढ्यानपिढ्या घरी बीअर बनवत आले. त्यांचं यीस्ट असतं त्याला क्वाइक म्हणतात. लाकडाचं एक कडं असतं, खाचाखाचांचं. ते बादलीत बुडवायचं, यीस्ट त्याला चिकटतं, मग ते टांगून सुकवायचं, पुढच्या खेपेला परत काढ्यात टाकायचं. आणि आपलं यीस्ट बिघडलं तर? शेजाऱ्याकडून आणायचं. वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जाणं, तेच हे. आता सांगा, त्या बीअरचा कर्ता कोण? यंदाचा शेतकरी, त्याचा पणजोबा, का शेजारी?

चार्वाकांचा दाखला

आता चार्वाक. त्यांचे स्वतःचे ग्रंथ हरवले. त्यांचं म्हणणं आपल्याला बहुतेक विरोधकांच्या तोंडून कळतं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलंच प्रकरण त्यांच्यावर आहे. चार्वाक म्हणतात, आत्मा वगैरे वेगळा मानायची गरज नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू एकत्र आले की चैतन्य उपजतं. सुट्या भूतात चैतन्य दिसत नाही म्हणून काय झालं? किण्व आणि इतर पदार्थांत सुटी मादकता कुठे दिसते? एकत्र आले की येते. तसंच हे.

हे किण्व म्हणजे मद्य आंबवायचं विरजण. आजचा मराठी विज्ञानाच्या पुस्तकातला 'किण्वन' शब्द तिथूनच आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात किण्व कसं करायचं ते दिलंय: उडीद, तांदूळ आणि मोरटा वगैरे वनस्पती. उडीद-तांदूळ ऐकून कोणाला इडली आठवली असेल तर तुमचं चुकलं नाही.

सांख्यांनी चार्वाकांना उत्तर दिलं की मादकता प्रत्येक घटकात सूक्ष्म रूपाने आधीपासून असतेच, एकत्र आल्यावर ती फक्त प्रकट होते. रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर इथे चार्वाक बरोबर ठरतात. जवाच्या दाण्यात सूक्ष्म वगैरे अल्कोहोल नसतं. साखर मोडते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नवीन गुण खरोखरच उपजतो.

पण थांबा. चार्वाकांनी उदाहरण घेतलं त्यात एक पाहुणा न सांगता आत शिरला होता. बव्हेरियात १५१६ साली बीअरबद्दल प्रसिद्ध फर्मान निघालं: घटक तीनच, पाणी, जव आणि हॉप्स. यीस्टचं त्यात नाव नाही. ज्याच्यामुळे बीअर होते त्याचीच नोंद नाही! १८३७ च्या सुमारास थिओडोर श्वान आणि इतरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितलं की यीस्ट सजीव आहे. मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ हसले. १८३९ मध्ये एका नामांकित नियतकालिकात निनावी टवाळी छापून आली: यीस्ट म्हणे सोंड असलेले प्राणी असतात, साखर पितात आणि अल्कोहोल बाहेर टाकतात. पुढे लुई पाश्चरने जिवंत यीस्टची बाजू लावून धरली, १८७६ साली बीअरवर आख्खा ग्रंथ लिहिला. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं.

म्हणजे चार्वाकांची पंचाईत झाली. जडातून चैतन्य येतं हे दाखवायला त्यांनी जे उदाहरण घेतलं, त्यातलं किण्वच मुळात जिवंत निघालं. सिद्ध करायची गोष्ट आधीच मडक्यात होती.

इथेही गोष्ट संपत नाही. १८९७ साली एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटलं, दाबून रस काढला, आणि दाखवलं की त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखरेचं अल्कोहोल होतं. १९०७ साली त्याला नोबेल मिळालं. एन्झाइम या शब्दाचा ग्रीक अर्थच 'यीस्टमधलं' असा आहे. म्हणजे प्राण नाही, रसायन. चार्वाक पुन्हा उठून बसले! पण त्यावर प्रतिपक्ष म्हणेल, तो रस केला कोणी? जिवंत पेशीनेच ना? हा वाद आपण आज मिटवणार नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे: "कोणी केलं?" आणि "कशामुळे झालं?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बीअरच्या बादलीत त्यांची फारकत उघड दिसते. कशामुळे झालं याचं उत्तर देत गेलो की 'कोणी'ची जागा आक्रसत जाते.

मग जबाबदारी कोणाची?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं तिथे म्हटलंय. बादलीपाशी हे सहज पटतं. पण एक गोष्ट निसटते. त्या यादीतून कर्त्याला काढून टाकलेलं नाही. तो पाचातला एक आहे.

बाटलीत साखर जास्त पडली, किंवा आधीचं काम पुरं व्हायच्या आत बाटल्या भरल्या, तर दाब वाढून काच फुटते. लोकांना इजा होते. तेव्हा "यीस्टने केलं" म्हणून चालेल का? रसायनाच्या दृष्टीने ते खरं आहे. पण ती बाटली भरणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे. घरी आलेल्या पाहुण्याला तीन ग्लास देऊन गाडी चालवायला पाठवलं, तर तेही त्याच्याच खात्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटलं की आरोग्याला मुळीच धोका नाही असं अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण नाही. घरी केलेली म्हणून ती काही औषधी होत नाही.

कायदा नेहमी इथूनच बोलतो. कौटिल्याच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्यावर राज्याचं कडक नियंत्रण आहे, पण कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा आहे. उत्सव, जत्रा असेल तर चार दिवसांची सूट. घरगुती मद्य आणि राज्य यांच्यातली ही ओढाताण दोन हजार वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये घरी बीअर बनवायला १९६३ पर्यंत परवाना लागायचा. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, घरच्या वाइनला सवलत मिळाली, बीअरला नाही. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेला कायदा १९७९ मध्ये लागू झाला: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे; मिसिसिपी आणि अलाबामा यांनी २०१३ साली परवानगी दिली. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी आपल्या राज्याचा नियम पाहूनच या वाटेला जावं.

आता महाराष्ट्र. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याला निव्वळ जुनाट म्हणून हिणवण्याआधी थोडं थांबा. आपल्याकडे "घरी दारू" म्हटल्यावर डोळ्यांसमोर छंद येत नाही, हातभट्टी येते. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही वेगळ्या. आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. आणि विषारी दारूचे बळी जातात ते बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्यामुळे. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद केली, ती काही तत्त्वज्ञान म्हणून नाही. नवऱ्याच्या पगाराचं आणि स्वतःच्या पाठीचं काय होतं ते पाहून केली. विस्कॉन्सिनच्या तळघरातला निवांत रविवार आणि ही बाई, दोघंही किण्वाबद्दलच बोलतायत. कायदा करताना कोणाचं ऐकायचं, हा खरा प्रश्न आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या बाईचं आधी ऐकावं, आणि छंदवाल्याचंही ऐकणं बंद करू नये.

छंदाचं फळ

तर मग घरी बीअर बनवणारा काय करतो? तो परिस्थिती तयार करतो. योग्य उष्णता, स्वच्छता, अन्न, अंधार, वेळ. मग बाजूला होतो. त्याच्या कर्तृत्वाचा वाटा लहान असतो, आणि जबाबदारीचा वाटा पूर्ण असतो. या दोन गोष्टी एकत्र धरता येणं कठीण आहे. आपण एकतर म्हणतो "सगळं मीच केलं", नाहीतर "माझ्या हातात काय होतं?"

आम्ही शिक्षक फार सहज म्हणतो, "मी अमुक विद्यार्थी घडवला." घडवणं हे कुंभाराचं क्रियापद आहे. आई-बापही मुलांबद्दल तेच वापरतात. तीसपस्तीस वर्षं वर्गात काढल्यावर मला वाटतं, शिकवणं हे दही लावण्याच्या जास्त जवळचं आहे. शिकणं त्या मुलाचं असतं, ते आपण त्याच्यासाठी करू शकत नाही. पण वर्ग गार पडला, भांडं अस्वच्छ राहिलं, तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

ज्यांना हे हाताने अनुभवायचंय आणि महाराष्ट्रात राहायचंय, त्यांच्यासाठी कायदेशीर मार्ग घरातच आहे. दही लावा किंवा इडलीचं पीठ आंबवा, पण बीअरवाल्यांसारखी वही ठेवा. तारीख, खोलीचं तापमान, विरजण किती, किती तास, चव कशी. एका वेळी एकच गोष्ट बदला. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस होता. मोजक्याच नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलता येतं, हा त्याच्या कामातला प्रश्न होता. १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने त्याचं गणित मांडलं. आज संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. चार वेळा दही लावून "मला कळलं" म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

आजच्यापुरतं इथेच थांबतो. चार्वाकांच्या बाजूने ज्यांना बोलायचंय त्यांनी प्रश्न जरूर पाठवावेत. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करू.